फॉर्म भरला, बटण दाबलं, तरी सर्व्हरवर काहीच नाही: डेटा कुठे गळतो ते शोधताना

वेबसाइटवरचा फॉर्म सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेतून वाचायला नुकतेच शिकलेल्यांची तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "फॉर्म बरोबर आहे, पीएचपी फाइल बरोबर आहे, पण सबमिट केल्यावर व्हॅल्यू रिकामी येते." कधी स्क्रीनवर 'अनडिफाइन्ड ॲरे की' अशी वॉर्निंग असते (पीएचपी 8 च्या आधी हीच 'अनडिफाइन्ड इंडेक्स' नावाची नोटीस होती). कधी नुसतं पांढरं पान दिसतं. कधी काहीच घडत नाही, तोच फॉर्म पुन्हा कोरा होऊन समोर येतो.

यावर नवशिक्यांना बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो असा: "पुढे दोन प्रश्नचिन्हं (??) टाक आणि रिकामी स्ट्रिंग दे, वॉर्निंग जाईल." वॉर्निंग जाते खरी. डेटा मात्र आधी येत नव्हता तसा अजूनही येत नाही, आणि आता ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. म्हणून माझी पहिली विनंती ही, की वॉर्निंग राहू द्या. ती तुमच्या बाजूची आहे.

फॉर्ममधला मजकूर तीन टप्प्यांतून जातो. ब्राउझर तो गोळा करून पाठवतो, सर्व्हर तो स्वीकारून पीएचपीच्या हाती देतो, आणि तुमची स्क्रिप्ट त्याचं काहीतरी करते. गळती कोणत्या टप्प्यावर आहे हे दोन मिनिटांत कळू शकतं. ते न बघता तिसऱ्या टप्प्यातला कोड तासन्‌तास उलटापालटा करत बसणारे खूप जण मी पाहिले आहेत, आणि त्यांचे ते तास वाया जाताना बघून वाईट वाटतं. (खाली फंक्शनांची आणि टॅगांची नावं देवनागरीत लिहिली आहेत; कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

ब्राउझरने काय पाठवलं?

फॉर्मचं पान उघडा, एफ12 दाबा, 'नेटवर्क' टॅबवर जा आणि 'प्रिझर्व्ह लॉग'वर (फायरफॉक्समध्ये 'पर्सिस्ट लॉग्ज'वर) टिक करा. ही टिक विसरू नका. नाहीतर पान बदलताच यादी पुसली जाते आणि हवी ती नोंदच हातातून जाते. आता फॉर्म भरून सबमिट करा. यादीत तुमच्या पीएचपी फाइलच्या नावाची ओळ दिसेल. तिच्यावर क्लिक करून क्रोममध्ये 'पेलोड' आणि फायरफॉक्समध्ये 'रिक्वेस्ट' उघडा. ब्राउझरने पाठवलेली प्रत्येक जोडी तिथे दिसते: डावीकडे नाव, उजवीकडे व्हॅल्यू.

तुम्हाला हवं असलेलं फील्ड तिथेच नसेल, तर पीएचपी फाइल बंद करून ठेवा. दोष एचटीएमएलमध्ये आहे.

सगळ्यांत जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे इनपुट टॅगला 'आयडी' दिलेला असतो, 'नेम' दिलेलं नसतं. आयडी हा लेबल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टसाठी. सर्व्हरकडे जातं ते नेम. नेम नसलेल्या फील्डला ब्राउझर सरळ वगळतो, कुठलीही कुरकूर न करता. त्यातही लहान-मोठी अक्षरं काटेकोर पाळावी लागतात. एचटीएमएलमध्ये पहिलं अक्षर कॅपिटल आणि पीएचपीत स्मॉल असेल, तर ती दोन वेगळी नावं झाली. आणि नेममध्ये टिंब किंवा स्पेस असेल, तर पेलोडमध्ये ते तसंच दिसेल, पण पीएचपी आपल्या बाजूला त्या जागी अंडरस्कोर घालते. एका बाजूला डेटा दिसतोय आणि दुसऱ्या बाजूला सापडत नाही, अशी चकवाचकवी सुरू झाली की हे आठवावं.

'डिसेबल्ड' असलेलं फील्ड पाठवलं जात नाही, 'रीडओन्ली' असलेलं जातं. दोन्हींत काही लिहिता येत नाही, त्यामुळे इथे फार जण फसतात. चेकबॉक्सवर टिक नसेल तर 'नाही' किंवा शून्य असं काही जात नाही. ते नावच पेलोडमधून गायब असतं. म्हणजे चेकबॉक्सच्या बाबतीत ॲरेत ती 'की' (म्हणजे ते नाव) नसणं हेच उत्तर आहे, आणि दोन प्रश्नचिन्हं वापरण्याची ही रास्त जागा. एकाच नावाचे बरेच चेकबॉक्स असतील आणि पीएचपीत फक्त शेवटचाच सापडत असेल, तर नेमच्या शेवटी रिकामा चौकोनी कंस [] जोडा. मग सगळ्या व्हॅल्यू ॲरे (म्हणजे यादी) होऊन येतात.

एक कारण जरा खोल दडलेलं असतं. फॉर्म टॅग थेट टेबल टॅगच्या आत, ओळीच्या बाहेरून गुंडाळला, तर एचटीएमएलच्या नियमांप्रमाणे तो तिथे बसत नाही. ब्राउझर तो तिथल्या तिथे बंद करतो. पानाबरोबर आलेली फील्ड्स तरीही त्या फॉर्मशी जोडलेली राहतात, म्हणून पहिल्या दोन-तीन ओळी व्यवस्थित पोचतात. पण 'आणखी एक ओळ जोडा' दाबून जावास्क्रिप्टने वाढवलेल्या ओळी कुठल्याच फॉर्मच्या राहत नाहीत आणि जात नाहीत. लक्षण असं विचित्र दिसलं, जुनं येतंय आणि नवं येत नाही, तर फॉर्म टॅग टेबलच्या बाहेर काढा. पूर्ण टेबल फॉर्मच्या आत हवं.

निघालं, पण पोचलं का?

पेलोडमध्ये सगळं दिसतंय, मग आता सर्व्हरच्या दारात उभं राहायचं. स्क्रिप्टच्या अगदी वर, बाकी काहीही होण्याआधी, तीन गोष्टी छापा: $_सर्व्हर मधली 'रिक्वेस्ट मेथड' (मागणी 'गेट'ने आली की 'पोस्ट'ने), व्हार-डंप वापरून $_पोस्ट (आलेली फील्ड्स), आणि तसंच $_फाइल्स (आलेल्या फाइली). त्याखाली एक्झिट. या चार ओळींनी माझा जेवढा वेळ वाचवला आहे तेवढा कुठल्याही साधनाने नाही.

मेथड 'गेट' छापली गेली आणि तुम्ही तर 'पोस्ट' लिहिलं होतं? नेटवर्कच्या यादीत पुन्हा बघा. एकाऐवजी दोन ओळी दिसतील. पहिली पोस्ट, तिच्यासमोर सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक 301 किंवा 302. दुसरी गेट, तिच्यासमोर 200. म्हणजे सर्व्हरने "तो पत्ता नाही, हा घ्या" म्हणून पुढे ढकललं, आणि ब्राउझर नव्या पत्त्यावर गेला तो रिकाम्या हाताने. 301 आणि 302 आले की ब्राउझर पोस्टचं गेट करतात आणि आतला मजकूर टाकून देतात. 307 आणि 308 मध्ये मेथड आणि मजकूर दोन्ही टिकतात. ढकलण्याची कारणं साधी असतात: फॉर्मच्या ॲक्शनमध्ये पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होतो आणि साइट 'एचटीटीपीएस'वर आहे, किंवा ॲक्शनमध्ये फोल्डरचं नाव शेवटच्या तिरक्या रेघेशिवाय लिहिलंय आणि अपाचे (वेब सर्व्हर) ती रेघ जोडून परत पाठवतोय. उपाय म्हणजे ॲक्शनमध्ये अंतिम, अचूक पत्ता लिहायचा. रिडायरेक्टशी झगडत बसू नका.

405 आला तर तुमचा लोकल सर्व्हर बहुधा फक्त तयार फाइली वाढणारा आहे. एडिटरबरोबर येणारे 'लाइव्ह' सर्व्हर पीएचपी चालवत नाहीत. ॲड्रेस बारमध्ये पत्ता 'फाइल'ने सुरू होत असेल तर सर्व्हर मध्ये आलेलाच नाही. सरावापुरता पीएचपीचा स्वतःचा बिल्ट-इन सर्व्हर पुरतो, तो 5.4 पासून सोबतच येतो.

फाइल अपलोडची तक्रार वेगळी ओळखू येते. $_फाइल्स रिकामा आणि $_पोस्ट मध्ये फाइलचं नुसतं नाव आलेलं, म्हणजे फॉर्म टॅगवर 'एन्कटाइप' मल्टिपार्ट लिहायचं राहिलंय. दोन्ही ॲरे पूर्ण रिकामे, नाव-पत्तासुद्धा गायब, आणि फाइल मोठी होती? मग मर्यादा ओलांडली गेली. पीएचपीत 'पोस्ट मॅक्स साइझ' मुळात 8 एमबी असते. आलेला मजकूर त्याहून मोठा झाला की पीएचपी फाइलबरोबर बाकीची फील्ड्सही टाकून देते. 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' मुळात फक्त 2 एमबी आहे. ती ओलांडली तर बाकी फील्ड्स येतात आणि $_फाइल्स मधल्या 'एरर'मध्ये 1 हा आकडा दिसतो. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर तो त्याआधीच, मुळात 1 एमबीलाच, 413 देऊन अडवतो. मोबाइलवर काढलेला एक फोटो या तिन्ही मर्यादा ओलांडू शकतो. तुम्ही टेस्ट करताना मात्र हाताशी असलेलं छोटंसं चित्र निवडता, म्हणून तुमच्याकडे चालतं आणि लोकांकडे अडतं.

शेकडो ओळींचा फॉर्म असेल आणि शेवटचा भागच तुटत असेल, तर 'मॅक्स इनपुट व्हार्स' बघा. ती मुळात 1000 आहे.

आणि जावास्क्रिप्टच्या फेच फंक्शनने जेसन (डेटा मजकुरात मांडायची एक पद्धत) पाठवत असाल, तर $_पोस्ट रिकामाच असणार. तो फक्त फॉर्मच्या दोन नेहमीच्या पद्धतींनी आलेला मजकूर उलगडतो. जेसनसाठी 'पीएचपी इनपुट' ही स्ट्रीम वाचून स्वतः डिकोड करावं लागतं.

पोचलं, पण स्क्रिप्टने दार उघडलं नाही

इथे एक किस्सा जरा सविस्तर सांगतो, कारण हीच चूक वेगवेगळ्या रूपांत परत परत भेटते. नोंदणीचा एक फॉर्म मी सांभाळत होतो. कित्येक महिने विनातक्रार चालला. मग एक दिवस नोंदी यायच्या थांबल्या. एरर नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही. फॉर्म भरायचा, बटण दाबायचं, पान पुन्हा कोरं. पेलोडमध्ये नाव होतं, ईमेल होता, फोन होता. $_पोस्ट मध्येही सगळं होतं. मी डेटाबेसपर्यंत जाऊन आलो, आणि मग पुन्हा पेलोडची यादी एकेक ओळ बोट ठेवून वाचली, तेव्हा लक्षात आलं की फील्ड्स सगळी आहेत, पण बटणाची ओळ नाही.

स्क्रिप्टची सुरुवात अशी होती: $_पोस्ट मध्ये 'सबमिट' आहे का हे इसेटने बघा, असेल तर पुढचं सगळं करा. जवळजवळ प्रत्येक ट्यूटोरियलमध्ये हेच असतं. आणि आदल्याच दिवशी कुणी तरी दोनदा क्लिक होऊ नये म्हणून जावास्क्रिप्टची एक ओळ घातली होती: फॉर्म सबमिट होताना बटण डिसेबल करायचं. हेतू चांगला होता. पण डिसेबल झालेलं काहीही पाठवलं जात नाही, आणि बटणही त्याला अपवाद नाही. ब्राउझर डेटा गोळा करतो तो सबमिटचा इव्हेंट होऊन गेल्यावर, तोपर्यंत बटण बंद झालेलं होतं. स्क्रिप्ट ज्या खुणेची वाट बघत होती ती खूणच आली नाही.

तेव्हापासून मी बटणावर कधीच विसंबत नाही. रिक्वेस्ट मेथड 'पोस्ट' आहे का, एवढंच विचारा. जावास्क्रिप्टने फॉर्मचं सबमिट फंक्शन थेट बोलावलं तरीही बटण जात नाही (आणि 'रिक्वायर्ड'ची तपासणीही होत नाही), तेव्हाही हीच पद्धत तारते. एका फॉर्मवर 'जतन करा' आणि 'काढून टाका' अशी दोन बटणं असतील तर बटणाचं नाव तपासावंच लागतं, मान्य. मग लक्षात ठेवा की मजकुराच्या चौकटीत एंटर दाबला की फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण दाबल्यासारखं होतं. ते पहिलं बटण 'काढून टाका' नसावं.

जुन्या ट्यूटोरियलचीच आणखी एक देणगी आहे. काही कोडमध्ये $_पोस्ट कुठेच नसतो, फील्डचं नावच थेट व्हेरिएबल म्हणून वापरलेलं असतं. हे चुकून झालेलं नाही, पीएचपी एकेकाळी तशीच होती. 1995 च्या सुमाराच्या तिच्या अवतारातलं 'एफआय' म्हणजे फॉर्म इंटरप्रिटर, आणि फॉर्ममधलं फील्ड आपोआप व्हेरिएबल होणं ही तेव्हा तिची मोठी सोय होती. पण त्यामुळे पत्त्यात काहीही लिहून कुणीही तुमच्या स्क्रिप्टचे व्हेरिएबल भरू शकायचा. म्हणून 2002 मध्ये आवृत्ती 4.2 पासून ही सोय मुळातच बंद ठेवली गेली आणि 2012 मध्ये 5.4 तून काढूनच टाकली. असा कोड सापडला तर दुरुस्त करत बसू नका, दुसरा शोधा.

रिकामं आहे की नाही हे तपासताना 'इसेट' आणि 'एम्प्टी' यांची गफलत होते. कोरी सोडलेली मजकुराची चौकट रिकामी स्ट्रिंग म्हणून येतेच, त्यामुळे इसेट तिला 'आहे' म्हणतं. एम्प्टी उलट टोकाला जातं: कुणी मुलांची संख्या 0 भरली तर एम्प्टीच्या मते ते रिकामंच, आणि तो माणूस प्रामाणिकपणे 0 लिहून "हे फील्ड भरणं आवश्यक आहे" हाच संदेश पुन्हा पुन्हा वाचत बसतो. ट्रिम करा आणि रिकाम्या स्ट्रिंगशी तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना करा. फिल्टर-व्हारने आकडा तपासत असाल तर उत्तर 'फॉल्स'शी तीन चिन्हांनीच ताडून बघा; नाहीतर तिथेही 0 मार खातो. फोन नंबरला आकडा समजू नका. तो मजकूर आहे. पूर्णांक केला की सुरुवातीचं शून्य गेलं.

देवनागरी मजकूर आला की

हा भाग परदेशी ट्यूटोरियलमध्ये नसतो, आणि आपल्या वाचकांच्या फॉर्मवर तर रोजचा आहे.

नावात फक्त अक्षरं असावीत म्हणून ए ते झेडची रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर ताडून बघायचा साचा) लावलेली असते; मराठीत नाव लिहिणारा प्रत्येक जण त्यात अडकतो. मग शोधाशोध करून युनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग लावला जातो आणि एक गमतीदार वाटणारी पण त्रासदायक गोष्ट घडते: 'कमल' पास होते, 'रमा' नापास. कारण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी युनिकोडमध्ये 'मार्क' या वेगळ्या वर्गात आहेत. दोन्ही वर्ग एकत्र घ्या, आणि शेवटी 'यू' मॉडिफायर लावायला विसरू नका. काही कीबोर्ड 'ऱ्य'सारख्या अक्षरासाठी डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात, तेही स्वीकारावं लागतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर नावाची छाननी रेग्युलर एक्स्प्रेशनने करूच नका. रिकामं नाही आणि फार लांब नाही, एवढं पुरतं. माणसाला त्याचं नाव चूक आहे असं सांगण्याचा अधिकार फॉर्मला नाही.

लांबीचीही तीच गत. 'श्रीनिवास' लिहायला नऊ युनिकोड चिन्हं लागतात, पण यूटीएफ-8 मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह 3 बाइट घेतं, म्हणून बाइट मोजणारं स्ट्रलेन 27 सांगतं. ब्राउझरमधली 'मॅक्सलेंग्थ' 25 असली तरी तिथे हे नाव सहज बसतं आणि सर्व्हरवर तीच मर्यादा स्ट्रलेनने तपासली की "नाव फार मोठं आहे" म्हणून परत येतं. एमबी-स्ट्रलेन वापरा, ते 9 सांगतं.

आणि आकडे. कुणी वय '१८' असं देवनागरीत लिहिलं तर पीएचपीच्या लेखी तो आकडाच नाही. इंट कास्ट केला तर निमूटपणे 0 मिळतो आणि तोच साठवला जातो. तपासण्याआधी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक (0 ते 9) करून घ्या. एसटीआर-टीआर फंक्शनला दहा जोड्यांचा ॲरे दिला की काम होतं.

साठवलेल्या मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर डेटाबेसच्या टेबलाबरोबर कनेक्शनचं कॅरेक्टर सेटही बघा. पीडीओच्या (डेटाबेसशी बोलणारा पीएचपीचा भाग) कनेक्शन स्ट्रिंगमध्ये 'यूटीएफ8 एमबी4' लिहावं लागतं. प्रश्नचिन्हं होऊन साठवलेला मजकूर परत मिळत नाही. म्हणून फॉर्म लोकांसमोर नेण्याआधी एकदा मराठीतून भरून, डेटाबेसमध्ये जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

साठवताना आणि दाखवताना

नावात अपॉस्ट्रॉफी आली की क्वेरी मोडते, ही तक्रार म्हणजे उघड्या दाराची सूचना आहे. स्ट्रिंगा जोडून एसक्यूएल बनवणं थांबवा आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि व्हॅल्यू वेगवेगळ्या देण्याची पद्धत) वापरा. यात तडजोड नाही. ज्या भोकातून अपॉस्ट्रॉफी क्वेरी मोडते त्याच भोकातून कुणी तुमचं टेबल वाचू शकतो.

मजकुरातली एचटीएमएलची खास चिन्हं निरुपद्रवी करणारं एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स मात्र दाखवताना लावायचं, साठवताना नाही. दोन्हीकडे लावलं की पानावर '&' च्या पुढे 'amp;' अशी भलतीच अक्षरं उमटायला लागतात. 'रिक्वायर्ड', 'मॅक्सलेंग्थ', हिडन फील्डमधली किंमत, यांतलं काहीही सर्व्हरने खरं मानू नये. एफ12 दाबता येणाऱ्या कुणालाही ते बदलता येतं.

रिफ्रेश केल्यावर एकच नोंद दोनदा होत असेल, तर यशस्वी नोंदीनंतर तिथेच "धन्यवाद" छापू नका; 303 देऊन वेगळ्या पानावर पाठवा. तिथे 'हेडर्स ऑलरेडी सेंट' असं आलं तर हेडरच्या आधी काहीतरी छापलं गेलंय: पीएचपीच्या सुरुवातीच्या टॅगआधीची एखादी कोरी ओळ, किंवा एडिटरने फाइलच्या तोंडाशी घातलेलं न दिसणारं 'बॉम'. एररच्या मजकुरातच फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा दिलेला असतो, तो वाचा.

पांढरं पान दिसत असेल तर एरर दाखवणं बंद आहे. ते स्क्रिप्टच्या आतून चालू करून नेहमी भागत नाही, कारण त्याच फाइलमध्ये सिंटॅक्सची चूक असेल तर ती ओळ चालायची वेळच येत नाही. पीएचपी डॉट आयएनआयमध्ये चालू करा, किंवा एरर लॉग उघडा.

आणि काम झालं की वर घातलेल्या त्या चार ओळी काढून टाका. व्हार-डंप पासवर्डही जसाच्या तसा छापतो, आणि लाइव्ह सर्व्हरवर तो कुणाच्याही स्क्रीनवर जाता कामा नये. तिथे एरर दाखवणं बंद आणि लॉगमध्ये लिहिणं चालू, असं ठेवा.